‘एन’ प्लेट आणि टेस्टनंतरची दोन वर्षं

आयर्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१४ पासून नियम आहे की पहिलं पूर्ण लायसन्स मिळालं की दोन वर्षं गाडीच्या पुढे आणि मागे लाल ‘एन’ (नॉव्हिस, म्हणजे नवा चालक) लावायचा. इथल्या मराठी मंडळींचे सध्या सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. त्यातले काही आज घेते.

प्रश्न : काल टेस्ट पास झाले! लर्नरचा म्हणजे शिकाऊ चालकाचा ‘एल’ काढून ‘एन’ लावला की उद्यापासून एकटीने डब्लिनभोवतीच्या एम-५० मोटरवेवरून ऑफिसला जाऊ ना?

मनापासून अभिनंदन. पण उद्या नाही. टेस्टनंतर मिळालेला पास झाल्याचा दाखला म्हणजे लायसन्स नव्हे. तो दाखवून एनडीएलएसकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी सेवेकडे, अर्ज करायचा, आणि पूर्ण लायसन्स मिळेपर्यंत कायद्याच्या नजरेत तुम्ही लर्नरच. म्हणजे ‘एल’ तसाच ठेवायचा, शेजारी अनुभवी चालक हवा आणि मोटरवे बंद. नेमके हेच मधले दिवस धोक्याचे, कारण टेस्टचा आनंद ताजा असतो आणि किल्ली हातात असते. लर्नर एकटा सापडला तर गार्डा (इथले पोलीस) गाडी जप्त करू शकतात. दाखला दोन वर्षं चालतो म्हणून अर्ज लांबवू नका. ‘एन’ची दोन वर्षं लायसन्सच्या तारखेपासून मोजतात. लायसन्स आलं की एम-५० खुशाल घ्या, नव्या चालकाला मोटरवेची बंदी नाही.

प्रश्न : पुण्यात बारा वर्षं गाडी चालवली, एकही अपघात नाही. आता चाळिशीत नवशिक्यासारखा ‘एन’ लावून फिरायचं? खरं सांगतो, लाज वाटते.

लावावा लागेल. आयर्लंडचा भारताशी लायसन्स बदलून देण्याचा करार नाही, त्यामुळे इथली टेस्ट देऊन मिळालेलं लायसन्स हे तुमचं इथलं पहिलंच.

तुमचं वाईट वाटणं मला कळतं. संध्याकाळी सात वाजता सिंहगड रोडवरून गाडी बाहेर काढणाऱ्या माणसाला हात शिकवायची गरज नसते. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, सगळं ओळखीचं. अडचण होते ती मुरलेल्या सवयींची. आपल्याकडे चौकात ज्याने गाडीचं नाक आधी घातलं तो पुढे. इथे राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि समोरचा तुम्ही थांबणार हे गृहीत धरूनच वेगाने येतो. आपल्याकडे बाजूला कोण आहे हे हॉर्नवरून कळतं. इथे हॉर्न जवळजवळ वाजतच नाही, म्हणून लेन बदलताना आरशात पाहून झाल्यावर मान वळवून खांद्यावरून मागे बघावंच लागतं. माझ्याकडे गाडी शिकायला येणारे भारतातले अनुभवी चालक सगळ्यात जास्त इथेच अडकतात : डोळे आरशात जातात, मान हलत नाही. त्याच जागी शेजारून सायकलवाला येत असतो.

आणि गावाकडचे रस्ते. दोन्ही बाजूंना दगडी बांध किंवा उंच झुडपं, वळणापलीकडे ट्रॅक्टर. अशा स्थानिक ग्रामीण रस्त्यांची वेगमर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली, ती उगाच नाही. काही वळणांवर तर ४० सुद्धा जास्त होतात. हे अंगवळणी पडेपर्यंत मागच्या गाडीने जरा अंतर ठेवावं, म्हणून ‘एन’ असतो. तुमच्या बारा वर्षांना तो खोटं ठरवत नाही.

प्रश्न : गाडी एक, चालवणारे दोघं. नवऱ्याचं लायसन्स जुनं, माझं नवं. प्लेट सारखी काढ-घाल करायची? चुंबकवाली तर पडूनच जाते.

हो, तुम्ही चालवाल तेव्हा लावा, ते चालवतील तेव्हा काढा. नाहीतर मागच्याला चुकीचा निरोप जातो. चुंबक पडत असेल तर आधी पत्रा तपासा : काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि बंपर बहुतेक प्लास्टिकचा, तिथे चुंबक धरणारच नाही. पत्रा लोखंडी असेल तर चिखल आणि ओल पुसून मग लावा. काचेला आतून चिकटणारी प्लेट सोयीची, फक्त ती बघण्याच्या आड येऊ देऊ नका, आणि मागची काच काळपट असेल तर बाहेरून दिसते का ते स्वतः उभं राहून बघा. पांढऱ्या पाटीवर अक्षर किमान १५ सेंटिमीटर उंच आणि भोवती २ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. घरी छापून घेतलेली अक्षरं बऱ्याचदा याहून लहान निघतात.

प्रश्न : ‘एन’ विसरला तर फार काय, थोडा दंडच ना?

दंड १२० युरो, तो भरून मोकळं होता येतं. खरा घोर पेनल्टी पॉइंटचा, म्हणजे प्रत्येक चुकीमागे लायसन्सवर जमा होणाऱ्या गुणांचा. अनुभवी चालकांना १२ पॉइंटला गाडी चालवायची बंदी येते, नव्या चालकाला ७ ला, आणि तीही सहा महिन्यांची. आता हिशेब करा. फोन हातात धरला, ३ पॉइंट. वेग ओलांडला, ३ पॉइंट. ‘एन’ नाही, २ पॉइंट. झाले ८, संपलं! पॉइंट तीन वर्षं राहतात, लर्नर असतानाचेही धरले जातात, आणि कोर्टात जाऊन दोषी ठरलात तर आकडे आणखी वाढतात. मुलांना शाळेत सोडणं, कामावर जाणं ज्यांचं गाडीवरच आहे त्यांनी हे आजच घरात सगळ्यांना सांगावं.

प्रश्न : मित्राकडे जेवणासोबत एक ग्लास वाइन चालेल?

नाही. नव्या चालकाला मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम अल्कोहोल, इतर बहुतेकांना ५०. एका ग्लासातही २० ओलांडू शकतं. त्यापुढे ८० पर्यंत सापडलात तर २०० युरो आणि तीन महिने गाडी बंद. रात्री जास्त झाली असेल तर सकाळीही किल्ली दुसऱ्याकडे द्या.

प्रश्न : माझी जाऊ आता शिकतेय. मी शेजारी बसले तर ती सराव करू शकेल?

तुमच्या गाडीवर ‘एन’ असेपर्यंत नाही. शेजारी बसणाऱ्याकडे पूर्ण लायसन्स किमान दोन वर्षं असावं लागतं. घरात तसं कोणी नसेल तर ओळखीतल्या जुन्या लायसन्सवाल्याला आठवड्यातून एकदा तास-दीड तास मागा, आणि तो आपली गाडी देणार असेल तर आधी इन्शुरन्समध्ये जाऊबाईंचं नाव घालून घ्या.