जगात युद्धं, महागाई, आजार सुरू असताना कृतज्ञ कसं राहायचं?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: कृतज्ञ राहायचं म्हणजे दुःखाकडे डोळेझाक करायची, असं अजिबात नाही. बातम्या वाचून जीव कासावीस होतो, तो व्हायलाच हवा.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थ्यांनी १० आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा पाचेक गोष्टी लिहिल्या. त्याच काळात आपल्या कटकटी लिहिणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. म्हणजे रोजच लिहायला हवं असंही नाही. रोजचं झालं की ते कधी कधी नुसतं उरकलं जातं.

लिहिताना मोघम मात्र नको. 'कुटुंब' एवढंच लिहून आत काही हलत नाही. 'रात्री ताप चढला तेव्हा ताईने न सांगता उठून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या' असं लिहा. आणि जमलं तर ताईला ते सांगाही. मला तर हे सांगणंच सगळ्यात मोलाचं वाटतं.

एखाद्या आठवड्यात काहीच सुचलं नाही तर वही बाजूला ठेवा. आणि ज्याच्या घरातलं कुणी नुकतंच गेलंय, त्याला 'आहे त्यात समाधान मान' असं कृपा करून सांगू नका. त्याचं एखादं काम उचला.