‘कूई’ संचलनाचे स्मरण

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील ‘कूई’ संचलन कोणते?

उत्तर : पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोली येथील लढाईत झालेल्या प्राणहानीनंतर सैन्यभरती मंदावली असताना, प्लंबरचा व्यवसाय करणारे आणि स्थानिक रायफल क्लबचे कप्तान असलेले विल्यम हिचन यांनी १० ऑक्टोबर १९१५ रोजी न्यू साउथ वेल्समधील गिलगँड्रा या गावातून मोजके स्वयंसेवक घेऊन सिडनीकडे पायी प्रस्थान ठेवले. रानात दूरवरच्या माणसाला हाक देण्याचा, मूळचा आदिवासींचा ‘कूई’ हा शब्दच त्यांनी आवाहन म्हणून स्वीकारला. सुमारे ५०० किलोमीटर चालून १२ नोव्हेंबरला ते पोहोचले, तेव्हा संख्या २६३ झाली होती. त्यांतले कित्येक युद्धावरून परतले नाहीत. स्वतः हिचनही १९१६ मध्ये इंग्लंडमध्ये वारले. सक्तीने नव्हे, स्वेच्छेने निघालेल्या या ग्रामीण माणसांसाठी २०१५ मध्ये, शताब्दीनिमित्त, तीच वाट पुन्हा चालली गेली, हे स्मरण मला शिलालेखाहून अधिक सच्चे वाटते.