हात थरथरतो म्हणजे कंपवातच का?

टीव्ही बघताना बाबांचा उजवा हात थरथरतो, एमआरआय मात्र नॉर्मल, मग पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, आहे की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. सासऱ्यांना हाच आजार होता, त्यांचं ११ वर्षं केलं, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

एमआरआयवर विसंबू नका. या आजारात तो बहुधा नॉर्मलच येतो. दुसरं काही नाही ना, एवढं बघायला काढतात. खरं निदान न्यूरॉलॉजिस्ट तपासूनच करतात. अंगठ्याला तर्जनी भराभर टेकवायला लावतात, मनगट फिरवून ताठरपणा बघतात, चालायला लावतात. कंपापेक्षा हालचालींच्या मंदपणाला जास्त महत्त्व. कितीतरी पेशंटना कंप नसतोच. आमच्याकडे पहिली खबर बँकेने दिली. सही जुळेना! अक्षर मुंगीएवढं झालं होतं. वास तर त्याच्या बऱ्याच आधी गेलेला. फोडणी करपली तरी पत्ता नसायचा. आम्ही आपलं सर्दी समजत होतो.

पण आधी बाबांच्या गोळ्यांचा डबा उघडा. ॲसिडिटीच्या गोळीत लेव्होसल्पिराइड आहे का? चक्करेसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन चालू आहे का? यांनी हुबेहूब अशीच लक्षणं येऊ शकतात आणि औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांची काही महिन्यांत ओसरतात. मनाने काही बंद करू नका, पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा.

पार्किन्सन्सच निघाला तर मुख्य औषध लेव्होडोपा-कार्बिडोपा. आजार थांबत नाही, हालचाल सुधारते. "लवकर सुरू केली तर गोळीचा असर लवकर संपतो" म्हणून अंगावर काढणारे भेटतील, ऐकू नका. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं, पण चूर्णातून किती पोटात गेलं ते कळत नाही. गोळीच्या जोडीला परस्पर देऊ नका.

खरी गोम वेळेत आहे. सासरे सकाळी ८ ची गोळी दुधाबरोबर घ्यायचे आणि १० पर्यंत लाकडासारखे बसायचे. दुधातली प्रथिनं या औषधाच्या आड येतात, हे आम्हाला वर्षभर कुणी सांगितलंच नाही. गोळी साडेसातला नुसत्या पाण्याबरोबर, दूध-नाश्ता नंतर, असं केलं आणि त्या आठवड्यात त्यांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावली. एकच लक्षात ठेवा, ही गोळी एकदम कधीही बंद करायची नाही.

अपॉइंटमेंटच्या आधी बाबा चालताना, वळताना आणि नुसते बसलेले असताना मोबाइलवर शूटिंग करून ठेवा. डॉक्टरांसमोर हात नेमका शहाण्यासारखा गप्प बसतो.