ती गाडी कुणी जोडली, ते आधी विचार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

पोर्शच्या जुन्या ३५६ स्पीडस्टरची हुबेहूब प्रत असलेल्या त्या गाडीचे फोटो मिळाले. हस्तिदंती रंग, आत लाल सीट, कपाळापर्यंतच येणारी ती बुटकी काच. रात्री साडेअकराला आठ फोटो आणि खाली फक्त "काका, घेऊ का?" म्हणजे मनाने तू ती घेऊन बसली आहेस. म्हणूनच फोनवर हो-नाही न करता सविस्तर लिहितोय.

आधी तुझ्या मनातली बोच काढतो. "लोक नकली म्हणतील का?" असं तू विचारलंस. पोर्शची खरी ३५६ स्पीडस्टर १९५४ पासून जेमतेम चार-पाच वर्षं बनली. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी अमेरिकेसाठी स्वस्त, साधी उघडी गाडी मागितली, म्हणून ती जन्माला आली. किंमत तीन हजार डॉलरच्या आत होती. आज तीच लाखो पाऊंडांना जाते, तुझ्या-माझ्या आवाक्यातली ती नव्हे. पण हेही लक्षात घे: फर्डिनांड पोर्श यांनी फोक्सवॅगनची बीटल घडवली आणि त्यांच्या मुलाने, फेरी पोर्श यांनी १९४८ मध्ये पहिली ३५६ उभी केली ती बीटलचेच भाग वापरून. तू बघतेयस ती गाडी बीटलच्या चासीवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, आहे, म्हणजे नातं रक्ताचं आहे. तिच्या मालकाला लाजायचं काहीच कारण नाही. लाज वाटावी ती प्रत खरी म्हणून विकणाऱ्याला.

आता खरा मुद्दा. कारखान्यातून आलेली जुनी गाडी घेताना आपण कंपनी बघतो, मॉडेल बघतो. इथे इंग्लंडमधल्या या किट गाड्या, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून जोडलेल्या गाड्या, मात्र बहुतेक कुणाच्या तरी घरामागच्या गॅरेजात, शनिवार-रविवारी जोडलेल्या असतात. एकाच किटमधून एक गाडी घड्याळासारखी निघते आणि दुसरी जीव घेऊ शकते. तू ती गाडी घेशील तेव्हा त्या अनोळखी माणसाचे हात विकत घेशील. तो कोण होता, नीटनेटका होता का, घाईचा होता का, हे आधी शोध.

हे मी पोळून शिकलोय. बावीस वर्षांपूर्वी मी अशीच एक प्रत घेतली. रंग इतका सुरेख होता की मी गाडीच्या पोटाखाली वाकून बघितलंच नाही. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागातून रात्री परतताना डॅशबोर्डखालून धूर येऊ लागला. तुझी काकू शेजारी होती. बॅटरीची तार उपटली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी पॅनेल उघडलं तर आतल्या झाडून सगळ्या वायरी लाल. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं एका रंगात, आणि मोठ्या तारेला फ्यूजच नाही. जोडणाऱ्याकडे एकच रीळ असावं. त्या रात्री काकूचा हात माझ्या मनगटावर किती घट्ट होता ते मला अजून आठवतं. म्हणून तुला सांगतो, डॅशबोर्डखाली टॉर्च मारल्याशिवाय पैशाची गोष्ट काढू नकोस. वायरी रंगीत, ओळीत बांधलेल्या, प्रत्येकीला फ्यूज असेल तर त्या माणसाचे अर्धे गुण तिथेच कळले.

दुसरी खूण म्हणजे फाइल. चांगला जोडणारा पावत्या, जोडणीचे फोटो, बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख जपून ठेवतो. विकणारा "फाइल हरवली" म्हणाला तर भाव पाडायचा नाही, सरळ निघून यायचं.

चासीकडे नीट बघ, कारण सगळी मेख तिथे आहे. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २४०० मिलीमीटर अंतर असतं, खऱ्या ३५६ मध्ये २१००. त्यामुळे या प्रतींसाठी बीटलचा तळ मधून साधारण फूटभर कापून पुन्हा वेल्ड करतात. तो जोड खालून बघायचाच. वेल्डिंग एकसारखं, सलग हवं. वर काळा डांबरी रंग जाड थापला असेल तर का थापला ते विचार. मग सीटमागचा गालिचा उचल. मूळ बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते, आणि तिच्या आम्लाने नेमका तिथला पत्रा खाल्लेला असतो. तिथेच तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या उंचवट्यावर, ज्याला बोगदा म्हणतात, चासीचा नंबर ठोकलेला असतो. तो लॉगबुकशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी, अक्षर न् अक्षर ताडून बघ.

फायबरची बॉडी गंजत नाही, असं विकणारा तुला ऐकवेल. खरंय. पण तिच्या आत बसवलेले लोखंडी पाइप गंजतात. बिजागऱ्यांपाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर दाराचा भार भलतीकडे पडतोय असं समज.

इंजिन थंड असतानाच बघायचं. आदल्या दिवशी तसं सांगून ठेव, आणि गेल्या गेल्या हात लावून बघ. कोमट लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवलंय. इंजिन बंद असताना मागची मोठी पुली (पट्टा फिरवणारं चाक) दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढ. जेमतेम जाणवण्याइतकी हालली तर चालेल. 'टक्' आवाज करून हालली तर आतले बेअरिंग गेले, इंजिन पूर्ण उघडावं लागेल. पेट्रोलचे रबरी पाइप बोटाने दाबून बघ. या गाड्यांना आग लागते ती बहुतेक वेळा तडकलेल्या पाइपामुळे.

कागदांचं थोडक्यात. लॉगबुकमध्ये नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे, ते त्या कागदावरच छापलेलं असतं. कापलेल्या चासीच्या नोंदणीचे नियम वेळोवेळी बदलत आलेत, म्हणून नोंदीत लिहिलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच वाटते का, एवढं पारखून घे. वय किंवा मूळ पक्कं न कळलेल्या गाडीला मिळणारा, क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर बघून नाक मुरडू नकोस. निदान ती गाडी सरकारी तपासणीसमोर उभी राहिलेली असते. "चाळीस वर्षांची झाली, एमओटी लागत नाही" या वाक्याला भुलू नकोस. गेल्या ३० वर्षांत मोठा बदल झालेल्या गाडीला या वार्षिक तपासणीतून ती सवलत नाही. एमओटीचा जुना इतिहास ऑनलाइन फुकट दिसतो, तो आज रात्रीच वाच.

आणि पुढेमागे पुण्याला न्यायचं मनात असेल तर ते काढून टाक. मूळ रूपात मोठा बदल केलेल्या गाडीला तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. ही तुझी एकुलती गाडी असणार असेल तर घेऊ नकोस. एअरबॅग नाही, दारात लोखंडी आडवी पट्टी नाही, आणि तू रोज पहाटे मोटरवेवरून कामाला जातेस. तुझी ती जुनी हॅचबॅक ठेवून हिला जागा देता येत असेल, आणि कर्ज न काढता, किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवून जमत असेल, तर माझा आनंदाने होकार आहे. तुझ्या आईशी मी बोलेन.

शनिवारी नऊला निघू. जॅक, स्टँड आणि मोठा टॉर्च मी घेतो, तू फक्त जुने कपडे घाल, पाठीवर झोपून गाडीखाली जायचंय. आणि विकणाऱ्याला आजच फोन करून विचार: ही जोडली कुणी, आणि तो माणूस अजून भेटू शकतो का?

तुझा,
काका