मोठा मासा लागला की चार्टर बोटीवरची माणसं रॉड धरायला मदत करतात का?

करतात. सांगून ठेवलं नाहीत तर हमखास करतात, आणि नेमकं तेच होऊ द्यायचं नाही. तुम्ही आजवर फक्त खाडीत गळ टाकलाय आणि आता अंदमानला निघालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॅवलॉकच्या (आताचं स्वराज द्वीप) बाहेर, प्रवाळाची कडा जिथे एकदम खोल पाण्यात उतरते, तिथे मी आणि माझा मेहुणा पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचं खोटं आमिष) फेकत होतो. सकाळपासून फेकून फेकून खांदे भरून आले होते. तेवढ्यात त्याच्या पॉपरमागे पाणी फुगलं, काळपट पाठ दिसली आणि जीटीनं, म्हणजे जायंट ट्रेव्हली या दांडग्या माशानं, पॉपर ओढून नेला. जीटी सरळ खाली खडकाकडे सुटतो. दोरी एकदा प्रवाळाला घासली की संपलं. म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक) करकचून आवळलेला असतो आणि तांडेल त्याच क्षणी बोट खोल पाण्याकडे काढतो. आमच्या तांडेलानं ते चोख केलं. मेहुणा मात्र गुडघ्यावर आला, रॉडचा बुंधा पोटात रुतला. बोटीवरच्या पोरानं मागून येऊन रॉड घेतला, मासा दमवून वर आणला आणि अगदी शेवटी रॉड परत मेहुण्याच्या हातात दिला. फोटो झाला, मासा सोडला. तो फोटो आज त्याच्या दिवाणखान्यात आहे आणि येईल त्याला तो सांगतो, ‘मी काढलेला.’

नाही काढला. १९३९ साली स्थापन झालेली आयजीएफए (इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन) ही संस्था गळाच्या मासेमारीचे जगभरचे विक्रम नोंदवते. तिच्या नियमानुसार झुंज चालू असताना दुसऱ्या कुणाचा हात रॉड, रील किंवा दोरीला लागला की तो मासा बाद. शेवटी लीडर (गळाजवळचा दोरीचा मजबूत तुकडा) धरून मासा बोटीला लावायला मदत चालते. ७२.८ किलोचा विक्रमी जीटी २००६ साली जपानमध्ये मिळाला, तोही याच नियमात बसवून. मेहुणा म्हणतो, जागा तांडेलानं शोधली, बोट त्यानं फिरवली, मग पोरानं रॉड धरला तर काय बिघडलं? अरे, जागा शोधणं हे तांडेलाचं कसब आणि त्याचा मान त्याला द्यायचाच. पण झुंज ज्यानं दिली, मासा त्याचा. त्या फोटोखाली त्या पोराचं नाव हवं, हे मी घरच्या जेवणावळीत सगळ्यांसमोर सांगितलंय आणि अजूनही सांगतो.

तेव्हा जेट्टी सोडायच्या आधीच तांडेलाला बजावा : मी म्हणेपर्यंत रॉडला हात नको. फायटिंग बेल्ट (रॉडचा बुंधा टेकवायचा कमरेचा पट्टा) मागून घ्या. निघण्याआधी महिनाभर मोकळ्या मैदानात गळ काढलेला जड पॉपर फेकायचा सराव करा. मासा सोडायचा आहे, तर गळ एकेरी आणि काटा दाबून सपाट केलेला हवा. ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिषं ओढणं) सुचवलं, तर मला विचाराल तर नको. तिथे आमिषं बोटवाले लावतात, मासा बोटीच्या वेगानं अडकतो, गिऱ्हाईक नुसतं बसून राहतं.

हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल, चक्कर आली, तोल जायला लागला, तर हट्ट न करता रॉड देऊन टाका.

पैशांचं म्हणाल तर भाडं अख्ख्या बोटीचं असतं, वाटून घ्यायचं. पण स्वस्तात पडतं म्हणून माणसं कोंबू नका, फेकणारे दोघं-तिघंच बरे. पॉपरचे गळ सगळ्यांच्या कानाजवळून फिरत असतात.