जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) आईला गोळ्यांऐवजी ‘लिंक वर्कर’कडे पाठवलंय. ही टाळाटाळ आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई वर्षभरापासून तुमच्याकडे इंग्लंडमध्ये आहे, सारखं काहीतरी दुखतं, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि आता जीपीने हे नवंच काढलंय. मी इथल्याच एका सर्जरीत, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, लिंक वर्कर आहे, तेव्हा माझं मत थोडं आमच्या बाजूचं असणार हे धरून चाला.

टाळाटाळ नाही. जीपीकडे एका पेशंटला जेमतेम १० मिनिटं असतात. तेवढ्यात गुडघा बघून होतो, पण दिवसभर घरात बोलायला कुणी नाही हे निघतच नाही. सोशल प्रिस्क्रायबिंग त्यासाठी: पेशंटला जवळच्या एखाद्या गटाशी किंवा उपक्रमाशी जोडून द्यायचं, आणि जोडून देणारा तो लिंक वर्कर. पूर्व लंडनच्या ब्रॉमली बाय बो सेंटरसारख्या ठिकाणी हे आधीपासून चालायचं. २०१९ पासून एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, आमच्या पगाराची सोय केली आणि इंग्लंडभर लिंक वर्कर आले.

एक उदाहरण देते, तपशील बदलून. सांगलीकडच्या एक काकू दर पंधरवड्याला चक्कर येते म्हणून यायच्या. पहिल्या भेटीत मी तासभर नुसतं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, “सकाळी नऊला घर रिकामं होतं. मग टीव्ही मोठ्याने लावते, कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं.” जवळच सामुदायिक बाग होती, पण बसची भीती. उतरायचा स्टॉप चुकला तर विचारायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत? दोनदा मी बरोबर गेले, तिसऱ्यांदा त्या एकट्या गेल्या. आता तिथल्या गोऱ्या बायकांना मेथी कशी खुडायची ते हातवारे करून शिकवतात. चक्कर अजून येतेच, पण सर्जरीत फेऱ्या कमी झाल्यात.

सगळ्यांचं असं जमत नाही, हेही खरं. कधी आम्ही पाठवतो तो गटच पैसे संपले म्हणून बंद पडलेला असतो. मग पेशंटला काय सांगायचं, कपाळ?

भेटीला जाताना दुभाषी आधीच मागून ठेवा, एनएचएसमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतः दुभाषी म्हणून बसू नका. तुमच्यासमोर आई तुमच्या घराबद्दल काय बोलणार? चालू गोळ्या मात्र जीपीला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि लंडनच्या आसपास असाल तर १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, त्याचं नाव लिंक वर्करला तुम्हीच सांगा. आमच्या यादीत ते असेलच असं नाही.