आजोबांचं मेडल नेमकं कोणतं?

प्रश्न : नमस्कार काका. माझे आजोबा तोफखान्यात होते, ७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. मागच्या वर्षी गेले. सोसायटीत २६ जानेवारीला मला त्यांच्यावर बोलायचंय. घरात सगळे म्हणतात त्यांना वीरचक्र मिळालं होतं, पण डब्यातलं मेडल चांदीचं आहे, त्यावर वर टोक केलेली संगीन आहे, रिबन लाल आणि मधे पांढरी रेघ. सोबत पाच टोकांचा एक तारा. आजोबा लढाईचं कधी बोललेच नाहीत, टीव्ही मात्र फार मोठ्याने लावायचे. मेडल काळं पडलंय, घासू का? – एक नात, नाशिकरोड

उत्तर : बाळा, आधी घासायचं थांबव. चिंच नको, पितांबरी नको. माझ्या आईने दिवाळीत पितळेच्या भांड्यांबरोबर वडलांची मेडलं पण चकाचक केली होती आणि त्यात कडेवरची अक्षरं निम्मी गेली, ती हळहळ आजही आहे. मेडलची कड उजेडात तिरकी धर, बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घे आणि वहीत जसंच्या तसं उतरव.

आता मेडलचं. तू सांगतेस ते वर्णन सेना मेडलचं आहे. वीरचक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते, आणि मेडलवर तारा नि मधे चक्र असतं. घरच्यांना वाईट वाटेल, पण तू स्टेजवर वीरचक्र म्हणू नकोस, नाशिकरोडला तोफखान्याचं सेंटर आहे, समोर कोणी ना कोणी रिटायर्ड फौजी बसलेला असणारच आणि तो रिबन लगेच ओळखेल. आणि सेना मेडल काही कमी नाही गं, १९६० मधे ते सुरू झालं, धैर्यासाठी किंवा कर्तव्यावरच्या असामान्य निष्ठेसाठी देतात. तारा म्हणजे पश्चिमी स्टार असणार, तो ७१ ला त्या आघाडीवर होते त्यांना मिळाला. सेना मेडल मात्र त्यांनी स्वतः केलेल्या कामाचं आहे.

ते काम कोणतं, हे कागदावर असतं. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस तुमच्याच नाशिकरोड कॅम्पात आहे. आजी असतील तर अर्ज त्यांच्या सहीने कर, सोबत डिस्चार्ज बुक आणि पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स जोड, आर्मी नंबर ठळक लिही, नुसत्या नावावर शोधायला गेलं तर एकाच नावाचे कितीतरी जण निघतात. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

तू टीव्हीचं लिहिलंस ते वाचून मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या वडलांना पण हाक दोनदा मारावी लागायची. तोफेशेजारी उभं राहायचं, कानात कापसाचा बोळा, २५ पौंडी तोफेचा एकेक गोळा जवळपास ११ किलोचा, तो उचलून द्यायचा, परत द्यायचा, रात्रभर. त्यांनीही कधी सांगितलं नाही. आम्ही विचारायचो "किती मारले?" आणि ते उठून अंगणात जायचे. मोठेपणी मी विचारलं, "थंडी किती होती हो, जेवण कधी यायचं?" तेव्हा दीड तास बोलले.

म्हणून आजींना पण तसंच विचार. ३ डिसेंबरला संध्याकाळी हल्ला झाला, पश्चिमेला १७ ला युद्ध थांबलं, ते दोन आठवडे त्या कुठे होत्या, बातम्या कुणाच्या रेडिओवर ऐकल्या, पोस्टमन दारात आला की काय व्हायचं, पहिलं पत्र किती तारखेचं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेव आणि मधे बोलू नकोस.

रेकॉर्डचा कागद २६ पर्यंत आला नाही तरी बिघडत नाही. तू कडेवरचा नंबर, हुद्दा, नाव आहे तसं वाच आणि आजी जे सांगतील ते सांग.